मागं पाहणाऱ्या पोपटाची कोथळी

महाराष्ट्र राज्य झालं, त्या वर्षीचा हिवाळा. उमरखेडकडच्या लोकांनी देवाला, सरकारला आणि शेजाऱ्याला तेव्हा जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या पुढं कधी दिल्या नाहीत. पौष सरता सरता गारा पडल्या. गारा पडण्यात नवल नाही. पण ह्या कवठाएवढ्या होत्या, आणि पडल्यावर विरघळायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. वर उत्तरेचा वारा असा सुटला की ढाणकीच्या बाजारात तेल्याला खोबरेल कुऱ्हाडीनं फोडून द्यावं लागलं. पऱ्हाटीच्या वावरात गारा साचून पुन्हा कापूस फुटल्यासारखा दिसला, तर एक म्हातारी सवयीनं वेचायला गेली आणि ओटी भरून घरी आली. चुलीपाशी बसली तेव्हा तिच्या लुगड्यातून ओढा निघाला आणि शेजाऱ्याची कोंबडी वाहून गेली. एका गारेत जिवंत बेडूक होता, तो आतून डोळे मिचकावायचा. शाळेच्या मास्तरांनी ती गार कुटाराच्या भुशात पुरून होळीपर्यंत जपली. ज्याला खोटं वाटतं त्यानं मास्तरांना विचारू नये, त्यांची बदली झाली, बेडकाला विचारावं.

ह्या गारांचा सगळ्यात मोठा ढीग वाकड्या घाटात साचला होता. हा घाट एरवीही माणसांवर खूश नसायचा. लिंबटोक तांडा अलीकडं, नागदरी तांडा पलीकडं आणि मधे हा असा आडवा बसलेला, पाऊलवाटेला सरळ जाऊ न देणारा. आता दिवसा ऊन गारांची वरची साल ओली करायचं आणि रात्री वारा ती पुन्हा गोठवायचा. असं करत करत सगळी पाऊलवाट एका अखंड काचेची झाली. पहिल्या दिवशी एक ससा तिच्यावर चढला. तो खाली आला तेव्हा त्याच्या पोटावरचे केस शिल्लक नव्हते, आणि तो थेट शिकाऱ्याच्या पिशवीत जाऊन बसला, निदान तिथं ऊब होती.

अशा घाटासमोर माघी पुनवेच्या सकाळी धनीबाई उभी होती. तिच्या हातात बैलाचा कासरा होता.

धनीबाई लिंबटोकची विधवा. बोलायला तिखट आणि चालायला त्याहून तिखट. नवरा गेल्यावर धाकट्या दिरानं, लालसिंगनं, वाटणी मागितली आणि वाटणीत चांगलं ते सगळं आपल्याकडं ओढलं. विहीर त्याच्याकडं गेली, आंबा त्याच्याकडं गेला, धनीबाईकडं राहिलं खडकाळ वावर आणि एकुलता पोरगा, प्रेमसिंग. आता लालसिंगचा डोळा त्या खडकाळ वावरावरही होता. पोरगा बिनलग्नाचा राहिला, घर पुढं चाललं नाही, तर आज ना उद्या ते वावर आपल्याकडंच येणार असा त्याचा हिशेब. म्हणून प्रेमसिंगची सोयरीक जमू लागली की हा त्या तांड्यात जाऊन बसायचा, चिलीम ओढायचा आणि जाता जाता म्हणायचा, "पोरगं चांगलंच हाय हो. फिट येते तेवढंच." प्रेमसिंगला जन्मात फिट आलेली नव्हती. दोन सोयरिकी अशाच मोडल्या. तिसरी नागदरीच्या नायकाच्या पोरीची, बिजलीबाईची. ही गेली तर चौथा तांडा आता दार उघडणार नाही, हे धनीबाईला पक्कं ठाऊक होतं.

ह्या खेपेला लालसिंगनं फिट सांगितली नाही. त्यानं स्वतःच्या पोरासाठी तीच पोरगी मागितली.

नागदरीचा नायक खेमसिंग हा दोन्हीकडून पाहुणचार घेणारा माणूस. इकडचंही बोकड खाल्लं, तिकडचंही खाल्लं, आणि कोणाला नाही म्हणायची वेळ आली तेव्हा मिशीवर हात फिरवून बोलला, "एकाच घरचे दोघं तुम्ही. म्या कोणाले वाईट म्हणू? पुनवेच्या सकाळी ज्याची कोथळी आधी माह्या अंगनात येईन, त्याचा गूळ खाऊ."

ही तांड्यांची रीत होती. सगाईचा गूळ मुलाकडून यायचा, तो घरातल्या बाईनं भरतकाम केलेल्या कोथळीत भरून, बैलाच्या पाठीवर लादून. गाडीतून आलेला किंवा डोक्यावर आणलेला गूळ ते मानत नसत. त्यांचे आजे-पणजे मीठ आणि धान्य बैलांवर लादून मुलूखभर फिरले होते. आता सगळे वावरं कसत होते, तरी सगाईच्या दिवशी बैलाच्या पाठीवर ओझं दिसलंच पाहिजे. तो गूळ फोडून तांड्यानं तोंडात टाकला की बोल पक्का. मग आभाळ पडलं तरी फिरायचं नाही. नवरदेवानं त्या गुळासोबत जायचं नसतं, म्हणून प्रेमसिंग घरी. आणि तांड्यातले बाकीचे बाप्ये घाट बघून आदल्या दिवशीच आजारी पडले. कोणाची कंबर, कोणाचा गुडघा. लालसिंगनं पाजलेल्या दारूनंही काही गुडघे दुखत होते.

"तू जाशीन?" तांड्याच्या म्हाताऱ्यांनी विचारलं होतं. "बाईनं सगाईचा गूळ नेलेला आम्ही ऐकला नाही."

"ऐकला नाही तं उद्या ऐका," धनीबाई म्हणाली होती.

तिचा बैल गेऱ्या नावाचा, गेरूच्या रंगाचा, म्हातारा. शिंगांना तिनं कवड्या बांधल्या होत्या. पाठीवर मात्र कोथळीऐवजी साधं अर्धं गोणपाट होतं, तोंडाशी सुतळीनं आवळलेलं. ह्या गोष्टीची तिला जेवढी लाज वाटत होती तेवढी बर्फाची भीती वाटत नव्हती. कारण तिच्याजवळ कोथळी होती एकेकाळी. लग्नाआधी, माहेरी, तिनं स्वतः भरलेली. लाल जमीन, कडेनं कवड्या, आरशाची भिंगं, आणि मधोमध एक पोपट. सगळ्या जगाचे पोपट पुढं बघतात. तिचा टाका चुकला आणि तो मान वळवून मागं बघत बसला. उसवायचा कंटाळा केला आणि मग तोच तिला आवडायला लागला. वाटणीच्या दिवशी ती कोथळी नाहीशी झाली. धनीबाईनं पंचायतीत विचारलं तेव्हा लालसिंगनं सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्याला हात लावून सांगितलं होतं, "माह्याजवळ नाही. उंदरानं खाल्ली." त्या पंचायतीत बाहेरचा पंच म्हणून खेमसिंगच बसला होता. झेंड्याची शपथ, पुढं कोण काय बोलणार.

"भोजाई, पोत्यात गूळ?"

आवाज मागून आला. लालसिंग. त्याचा बैल पांढराशुभ्र, ढाणकीच्या बाजारातला, चारी पायांना नवी कोरी नाल. पाठीवरच्या ओझ्यावर जाड घोंगडं टाकून ते दोरीनं करकचून बांधलेलं.

"पोत्यात असला तरी गोडच हाय," धनीबाई म्हणाली. "तुह्या तोंडापरीस."

"नायकाची बायको पोतं पाहीन तं म्हणीन, कोंडा आणला का काय ढोराले."

"तू काय आणलं घोंगड्याखाली? हंसाले तं बटन लावता येत नाही."

हंसाबाई ही लालसिंगची बायको, आणि हे खरं होतं. लालसिंगनं बैलाच्या पुठ्ठ्यावर काठी मारली आणि पुढं निघाला. धनीबाईच्या अंगावरून जाताना त्यानं मुद्दाम बैल असा रेटला की गेऱ्या वाटेबाहेर गेला.

लालसिंगचा बैल चार पावलं दिमाखात चालला. पाचव्याला नाल आणि बर्फ यांची भेट झाली. लोखंड असं सुटलं की बैल जागच्या जागी उलट्या दिशेनं फिरला आणि लालसिंगच्या तोंडासमोर तोंड करून उभा राहिला. धनीबाई हसली नाही. तिनं खाली बसून गेऱ्याच्या चारी खुरांना गोणपाटाचे तुकडे गुंडाळले, सुतळीनं बांधले. तिच्या आजेसासूनं सांगितलेली, बैलांवर माल लादून फिरायच्या लदेणीच्या दिवसांतली युक्ती ती, ओल्या खडकावरून बैल न्यायची. गेऱ्या जुना, त्याला नाल कधी ठोकलीच नव्हती. तो हळू, कुरकुरत, पण सरळ चढू लागला.

मग तिनं एक चूक केली.

त्याच आजेसासूनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. मिठाची गोण फाटली की दहिवरानं पांढरी झालेली वाट मोकळी होते. म्हणून धनीबाईनं कमरेच्या बटव्यात जाडं मीठ आणलं होतं. पहिल्या मोठ्या चढाला तिनं ते मूठभर पुढं फेकलं. मीठ खरंच चाललं. बर्फाला भोकं पडली, चरचर आवाज झाला. गेऱ्यानं मान खाली घातली, जीभ बाहेर काढली आणि वाट चाटायला लागला.

गेऱ्याचा बाप, आजा, पणजा, सगळे मीठ वाहत मेले होते. पिढ्यान् पिढ्या पाठीवर मीठ आणि जिभेला काही नाही. आता कुठं त्या खानदानाचा हक्क वसूल होत होता, आणि हा बैल मीठ संपेपर्यंत हलेना. धनीबाईनं ओढलं, ढकललं, कान पिळला, त्याच्या आईचा उद्धार केला. तो डोळे मिटून चाटत राहिला. त्यानं बर्फ चाटून चाटून त्या जागी एवढी मोठी खळगी केली की उन्हाळ्यात तिथं म्हशी डुंबायच्या, असं नागदरीचे लोक सांगतात.

तेवढ्या वेळात लालसिंग पुढं गेला. आपला बैल तो आता काठीनं नाही तर खांद्यानं वर ढकलत होता, दोघंही गुडघ्यांवर. वळणावरून त्यानं खाली पाहिलं.

"भोजाई, चाटू दे त्याले. तुहा पोरगाबी तसाच बसून राहील जिंदगीभर. घरी."

हे वाक्य धनीबाईच्या कानात शिरलं आणि तिथंच गोठलं. तिनं बटव्यातलं उरलेलं मीठ चिमटीत धरलं, गेऱ्याच्या नाकासमोर नेलं आणि स्वतः उलटी चालत वर निघाली. मीठ पुढं, बैल मागं. चढ संपेपर्यंत तिनं त्याला एक खडाही दिला नाही. वारा तोंडावर थोबाडीत मारल्यासारखा येत होता. ऐनाच्या झाडांची सालं गारांनी सोलली होती आणि फांद्यांवरून बर्फाची टोकं लोंबत होती. एक सुटलं आणि तिच्या खांद्याला लागून फुटलं. वरच्या कड्यावर एक वानर बसलं होतं. ते त्या खडकाला असं चिकटलं होतं की हालता येत नव्हतं, म्हणून फक्त शिव्या देत होतं. घाटात त्या दिवशी कोणाचंच कोणाशी बरं नव्हतं.

माथ्यावर वाट दोन हात रुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तिथं लालसिंगचा पांढरा बैल पडला होता. नाल सुटून चारी पाय चार दिशांना, पोट बर्फावर, शिंग एका दगडात अडकलेलं, म्हणून वाचला. लालसिंग स्वतः वाटेच्या खाली, एका ऐनाच्या मुळाला दोन्ही हातांनी धरून लोंबत होता. पाय टेकवायला जागा नव्हती. टेकवला की घसरे.

"भोजाई," तो म्हणाला. आवाजात आता काठी नव्हती. "दोर टाक वं."

धनीबाईनं गेऱ्याच्या पाठीवर बांधलेला जादा दोर सोडला, पण टाकला नाही. तिची नजर पांढऱ्या बैलाच्या पाठीवर गेली होती. पडताना घोंगडं सरकलं होतं. त्याखाली लाल जमीन होती. कडेनं कवड्या. भिंगात सकाळचं ऊन चमकत होतं. आणि मधोमध तिचा पोपट, मान वळवून, नेमका तिच्याकडं पाहत होता.

"हे कोणाचं रे, लालसिंग?"

"कायचं?"

"हे. पोपट."

"हंसानं शिवला."

"हंसानं."

"पोपट काय कोणीबी शिवते. बायकायचं शिवनं सारं सारखंच. दोर टाक, हात सुटून राह्यले माहे."

"तू झेंड्याले हात लावून बोलला होता. उंदरानं खाल्ली म्हणे."

"मंग खाल्लीच असन. ही दुसरी हाय."

धनीबाई खाली वाकली, कोथळीच्या दोरीची गाठ सोडली. तिनंच वळलेली दोरी होती. गाठ तिच्या बोटांना ओळखीची. कोथळी गुळानं गच्च भरलेली, जड. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली, वाटेच्या कडेला आणली आणि लालसिंगकडं बघत, शांतपणे, पायानं लोटून दिली.

"माही हाय तं मी फेकते," ती म्हणाली. "उंदरानं खाल्लेली हाय, तुहं काय जाते?"

लालसिंगनं शिवी दिली, आणि शिवी देताना हाताची पकड ढिली झाली म्हणून अर्धीच दिली.

कोथळी दरीत जायला हवी होती. धनीबाईला ती दरीत जाऊन फुटलेली, गूळ काट्याकुट्यांत सांडलेला, मुंग्या लागलेला पाहायचा होता. पण बर्फ कोणाच्या बाजूनं नसतो. कोथळी कडेच्या बर्फावर आपटली, एक गिरकी घेतली आणि पुन्हा पाऊलवाटेवर आली. मग पलीकडच्या उतारानं खाली निघाली. पहिल्या वळणावर ती एका दगडाला लागून अशी वळली, जणू शंभर वेळा ह्या वाटेनं गेलेली. दुसऱ्या वळणावर तिनं रस्ता ओलांडणाऱ्या एका कोल्ह्याला पाय वर करायला लावले. पोपट मागं बघत, कोथळी पुढं धावत.

आणि धनीबाईनं कपाळावर हात मारला. कारण ती वाट खाली जाऊन जिथं संपते तिथं नागदरीतलं सगळ्यात वरचं घर आहे. खेमसिंग नायकाचं. वाट थेट त्याच्या अंगणात उतरते.

ज्याची कोथळी आधी अंगणात येईल.

लालसिंगचा गूळ तिनं स्वतःच्या पायानं पाठवला होता. घोडा लावला असता तरी एवढ्या लवकर पोचला नसता.

मुळाला लटकलेल्या लालसिंगला हे तिच्याहून एक श्वास आधी कळलं. तो लोंबता लोंबता हसायला लागला. "चालली वं," तो म्हणाला. "माही कोथळी चालली. तुह्या पायाले सोन्यानं मढवतो, भोजाई."

धनीबाईनं दोराचं एक टोक ऐनाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं त्याच्या तोंडावर फेकलं. "ये चढून," ती म्हणाली, "मरशीन तं लग्नाले कमी पडशीन." आणि ती मागं न बघता उताराला लागली.

उतार चालायचा नव्हताच. दुसऱ्या पावलाला ती बसली आणि बसल्या बसल्या निघाली. जाड फेटिया, तिचा घेराचा घागरा, खाली पसरला आणि त्याच्यावर ती अशी सुटली की घागऱ्यावरच्या भिंगांनी वाटेवर अजून रेघा आहेत म्हणतात. मागून गेऱ्या. त्याला वाटलं मीठ पळालं, म्हणून तोही सुटला, मागच्या पायांवर बसून, पुढचे दोन्ही पाय ताठ, पाठीवर पोतं, शिंगावरच्या कवड्या खडखडत. चिकटलेल्या वानरानं हे पाहिलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा शिव्या द्यायचं विसरलं. धनीबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानं ते गालावरच गोठायचं, आणि ती ते नखानं खरवडून टाकायची, कारण खेमसिंगच्या अंगणात रडत पोचायचं नव्हतं. प्रेमसिंग घरी बसलेला असेल. दार लोटून, न जेवता. त्याला काय सांगायचं, की तुझ्या काकाच्या पोराची सोयरीक तुझ्या आईनं लाथ मारून जमवली?

खाली अंगण आलं. गवताची गंजी होती म्हणून ती गंजीत थांबली. गेऱ्या गंजी ओलांडून पलीकडं गेला आणि तिथून परत आला.

अंगणात माणसं गोळा झाली होती. मधोमध कोथळी पडली होती, एका कोपऱ्याला फाटलेली, त्यातून गुळाचा खडा डोकावत होता. बायका तिच्याभोवती उकिडव्या बसल्या होत्या आणि खेमसिंगची बायको रुपीबाई एका बोटानं टाके मोजल्यासारखी पोपटावरून बोट फिरवत होती. खेमसिंग खाटेवर घोंगडी पांघरून बसला होता.

धनीबाई गंजीतून उठली. डोक्यात काड्या, घागरा फाटलेला. तिनं बोलायला तोंड उघडलं. काय बोलायचं हे ठरलेलं होतं, की लालसिंगचा गूळ आला, खा.

"आली का," रुपीबाई मान वर न करता म्हणाली. "कोथळी येऊन चिलीम ओढून झाली तिची. तू कायले मागं राह्यली?"

धनीबाई डोक्यातल्या काड्या काढायला लागली.

"एवढा आवाज करत आली की म्हटलं घाटच पडला," रुपीबाई पुढं म्हणाली. "पन पोपट पाहिला, आन म्या ह्यायले सांगतलं, धनीचं हाय. असा पोपट दुसऱ्या कोण्या बाईनं शिवला नाही. तुही आई किती बोलली होती तुले, आठवते का? उसव म्हणे. म्या होती ना तिथं, बाजूले बसून माहा मोर शिवून राह्यलती."

रुपीबाई आणि धनीबाई एकाच तांड्यात वाढलेल्या. एकाच सुईत दोघींनी दोरा ओवलेला.

खेमसिंगनं मिशीवर हात फिरवला. "पन तुही कोथळी तं उंदरानं खाल्ली होती ना? लालसिंगनं झेंड्याले हात लावून सांगतलं. माह्यासमोर."

नेमक्या त्या वेळी घाटाच्या वाटेवरून लालसिंग आला. तो बसून आला नव्हता, पडून आला होता. तोंडाला माती, हाताची सालं निघालेली, एक पायताण नाही. पण तोंडावर हसू. अंगणात पाय ठेवता ठेवताच त्यानं हात कोथळीकडं केला.

"नायक, आलीच ना आधी? माही..."

"कोणाची?" रुपीबाईनं विचारलं.

लालसिंगनं तिच्याकडं पाहिलं. मग तिचं बोट पाहिलं, पोपटावर टेकलेलं. मग खेमसिंगकडं, आणि त्याच्या घराच्या आढ्याला फडफडणाऱ्या पांढऱ्या झेंड्याकडं.

धनीबाईला आता सगळं कळलं. पायांतली थंडी एकदम वर आली आणि डोक्यात जाऊन शांत झाली. ती हळू चालत कोथळीपाशी गेली. तिला खोटं बोलायची गरज नव्हती.

"कोथळी माही हाय," ती म्हणाली. "माह्या हातची, माह्या माहेरची. गुळाचं लालसिंगले विचारा. तो माह्यासोबतच होता घाटात. त्याले ठाऊक असन कोणाच्या बैलावर होती ते."

खेमसिंगनं लालसिंगकडं मान वळवली. "बोल गा."

लालसिंगचे ओठ हलले. माही म्हटलं, तर झेंड्याला हात लावून खोटं बोललेला माणूस. मग तांड्याच्या पंचायतीत पाणी प्यायला कोणी लोटाही देणार नाही, पोराला पोरगी तर सोडाच. तिची म्हटलं, तर सोयरीक गेली, आणि खडकाळ वावरही गेलं. वारा वाहत होता. त्याच्या मिशीतला बर्फ विरघळून ओठांवर येत होता आणि तो ते गिळत होता.

"मले काय माहीत," तो शेवटी म्हणाला.

"नाही कसं माहीत? सोबत होता ना?"

"तिचीच असन."

एका म्हाताऱ्यानं खोड काढली. कोथळी बैलाच्या पाठीवरून आली नाही, रीत मोडली. तेव्हाच गेऱ्या गर्दीतून वाट काढत पुढं आला, कोथळीला नाक लावलं आणि धनीबाईच्या मिठाच्या हातांचा वास लागलेली दोरी चाटायला लागला. "बैल आला, कोथळी आली," खेमसिंग म्हणाला. "वेगवेगळे आले, पन आले. आन ह्याच्या पाठीवरच्या पोत्यात काय?"

"गूळच," धनीबाई म्हणाली. "घाटाचा भरवसा नाही, नायक. एक गेला तं दुसरा."

रुपीबाईनं गूळ फोडला. आत उभ्या असलेल्या बिजलीबाईनं कवाडाच्या फटीतून एकदा पाहिलं आणि फट बंद केली. तिचं म्हणणं तेवढंच होतं. गूळ सगळ्यांच्या हातावर ठेवला गेला. लालसिंगच्याही. पाहुणा तो, नाही म्हणता येत नाही. त्यानं स्वतःचा गूळ, स्वतःच्या पुतण्याच्या सगाईचा, तोंडात टाकला. बर्फाळ गूळ, दगडासारखा. तो किती तरी वेळ चघळत होता आणि गिळायचं नाव घेत नव्हता.

"गोड हाय ना?" धनीबाईनं विचारलं.

त्यानं खडा या गालातून त्या गालात सरकवला.

दुपारी लोक जेवायला बसले. लालसिंग उठला, कारण त्याचा पांढरा बैल अजून घाटमाथ्यावर होता, शिंग दगडात अडकलेला, आणि ऊन उतरलं की वाट पुन्हा काच होणार होती. त्याच्यासोबत जायला कोणी उठलं नाही. सगळ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागले होते.

धनीबाईनं पोत्यातला गूळ परातीत रिकामा केला, पोतं झटकलं आणि त्याच्या पायांपाशी टाकलं.

"फाड आन पायाले बांध," ती म्हणाली. "त्याच्याबी खुराले बांध. नाल काहाडून टाक आधी. आन येताना माहा दोर सोडून आण, झाडाले बांधला हाय. मोजून घेईन मी."

लालसिंगनं पोतं उचललं. त्यानं ते फाडलं तेव्हा त्याच्या हातातून रक्त आलं. तो घाटाकडं चालायला लागला, दोन्ही पायांना गोणपाट गुंडाळून, अस्वलासारखा. वळणावर थांबून त्यानं एकदा मान वळवून मागं पाहिलं, आणि रुपीबाई पोपटाकडं बोट करून असं काही हसली की अंगणातल्या बायका जेवता जेवता ठसकल्या.